यांना घरी कशाचा राग येतो?

पेशंटच्या छातीपेक्षा त्याच्या घरातल्या भांडणांची चौकशी जास्त करणारा डॉक्टर मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या आयसीयूचे प्रमुख. मी तिथे फिजिओथेरपिस्ट. छाती थोपटून कफ सुटा करायचा, हातपाय हलवून घ्यायचे आणि व्हेंटिलेटरवरून उतरणाऱ्या माणसाकडून श्वासाचा सराव करून घ्यायचा, हे माझं काम. मी मूळची वर्ध्याची, नोकरीसाठी पुण्यात आले. पहिल्या दिवशी सरांनी माझं नाव विचारलं, ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवून दिलं.

"कुठल्या तुम्ही?"

"वर्ध्याची."

"बरं. अहो वर्धा, त्या कोपऱ्यातल्या आजोबांचे पाय सुजलेत. बघून घ्या."

त्या दिवसापासून मी वर्धा. मोठ्या सिस्टर सातारा होत्या. ज्याला स्वतःच्या नावाने हाक मारून घ्यायची हौस असेल त्याने दुसरं हॉस्पिटल बघावं, असा एकूण खाक्या. मला सुरुवातीला या माणसाचा भयंकर राग यायचा. आमच्याकडे माणूस पहिल्यांदा चहा विचारतो आणि मग अपमान करतो. पुण्यात चहाची पायरी गाळलेली आहे, हे मला सरांनी शिकवलं.

व्हेंटिलेटर लावायला धीर लागतो आणि काढायला अक्कल लागते, असं ते म्हणायचे. लोकांना वाटतं, आजार बरा झाला की बटण बंद करायचं आणि माणूस घरी न्यायचा. तसं नसतं. बरेच दिवस मशीनने आयता श्वास दिला की छातीचे स्नायू सुस्तावतात. मग रोज सकाळी झोपेचं औषध कमी करायचं, पेशंटला जागं होऊ द्यायचं, घशातली नळी तशीच ठेवून मशीनचा जोर उतरवायचा आणि थोडा वेळ त्याला स्वतःच्या ताकदीवर श्वास घ्यायला लावायचं. याला आम्ही ट्रायल म्हणतो. जमलं तर नळी निघते. नाही जमलं तर मशीनचा जोर वाढवायचा, त्याला विश्रांती द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करायचा. एकदा एका शिकाऊ डॉक्टरने नातेवाइकांना सांगितलं, "मुलाला सायकल शिकवताना आपण मागचा हात सोडतो ना, तसंच हे." सर मागेच उभे होते. "सायकलवरून पडलं की गुडघा फुटतो," ते म्हणाले. "इथे काय फुटतं ते यांच्या घरच्यांना विचारा."

ट्रायलच्या आधी त्यांचे नाना सोपस्कार असत. पुरुष असेल तर दाढी झालेली हवी. बाई असेल तर वेणी घातलेली हवी. चष्मा असेल तर नाकावर, कानातलं यंत्र असेल तर कानात. "चष्म्याशिवाय माणसाला आपण स्वर्गात आहोत की हॉस्पिटलात हे कळत नाही, आणि स्वर्गात कोण कशाला श्वास घेईल?" दुपारनंतर ट्रायल लावायची नाही, हा आणखी एक नियम. कारण विचारलं तर म्हणायचे, "दुपारी एकनंतर पुण्यात दुकानं उघडत नाहीत, फुप्फुसं काय उघडणार?" खरं कारण साधं होतं. सकाळी माणूस ताजा असतो आणि वॉर्डात हात जास्त असतात. पण साधं कारण साधेपणाने सांगणं त्यांना कमीपणाचं वाटत असावं.

ट्रायल सुरू झाली की ते स्वतः स्टीलचं स्टूल ओढून पलंगापाशी बसत. मॉनिटर सिस्टरकडे वळवून ठेवत, म्हणजे तो फक्त तिलाच दिसे. स्वतःचा हात पेशंटच्या पोटावर. "आकडे उशिरा बोलतात, पोट आधी बोलतं." आणि तिथे बसून पेशंटच्या बरोबरीने स्वतः श्वास घेत राहत. त्याचा भरभर चालला की यांचाही भरभर. ट्रायल संपेपर्यंत बुशशर्ट पाठीला चिकटलेला असे. मला हे सगळं नाटक वाटायचं. पण नळी काढल्यावर ती परत घालायची वेळ सरांच्या पेशंटवर फार क्वचित आली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

आणि तो प्रश्न. नातेवाईक भेटायला आले की सर आधी आजाराबद्दल सगळं नीट सांगत, एकही गोष्ट लपवत नसत, आणि मग विचारत, "यांना घरी कशाचा राग येतो?"

माणसं गोंधळून जात. काय आवडतं हे सगळे डॉक्टर विचारतात. गाणी आवडतात, नातवंडं आवडतात, असली उत्तरं तयार असतात. रागाचं उत्तर कोणाकडे तयार नसतं, पण आठवायला वेळही लागत नाही. हिंजवडीकडचे एक आबा होते. जमिनी कंपन्यांना गेल्या, पोरांनी बंगले बांधले, आबा मात्र अंगणात खाट टाकून बसायचे. न्यूमोनिया झाला, मशीनवर गेले, आणि झोपेचं औषध बंद करूनही हाकेला ओ देईनात. मुलाला सरांनी प्रश्न विचारला.

"आबांला? कंपनीच्या बसचा लई राग हाय," मुलगा म्हणाला. "रोज आमच्या दाराम्होरंच उभ्या करत्यात."

सर आबांच्या कानाशी वाकले. "अहो आबा, तुमच्या दारात कंपनीने दोन बस लावल्यात. ड्रायव्हर म्हणतो, म्हातारा आता काही बोलत नाही."

आबांच्या कपाळावर आधी एक आठी आली, मग दुसरी. मग उजवा हात गादीवरून उचलला गेला. मुलगा सरांवरच धावून आला, "अवो, आजारी मानसाला कशापायी छळताय?" सर स्टूल ओढत होते. "आहेत. आत आहेत. लावा ट्रायल," एवढंच म्हणाले.

मी एकदा धीर करून विचारलं होतं, "सर, राग आला म्हणून फुप्फुसं कशी सुधारतील?"

"नाही सुधारत. कोण म्हणालं तसं? राग म्हणजे औषध नाही हो वर्धा, राग म्हणजे दाराची बेल. वाजवून बघायची. आत कोणी असेल तर ओरडतं."

कसबा पेठेतल्या एका आजींसाठी त्यांनी भावजयीला बोलावून घेतलं होतं, कारण दोघींचं एका पितळी परातीवरून वर्षानुवर्षं बिनसलेलं. भावजय बिचारी हात जोडून म्हणाली, "अहो वन्सं, ती परात मी मोडीत घातली." आजींनी असे डोळे उघडले की सातारा सिस्टर दोन पावलं मागे सरली. नळी निघाल्यावर घोगऱ्या आवाजातला पहिला शब्दही परातच होता. भावजय रडायला लागली. "आहे हो, आहे, घरीच आहे, खोटं बोलले मी." आम्ही सगळे हसलो आणि सगळ्यांचे डोळेही भरले. असे दिवस त्या नोकरीत फार नसतात.

राग आलेला पेशंट त्यांना आवडायचा. घाबरायचे ते शांत पेशंटला. हे मी एका सकाळी पाहिलं. एका मध्यमवयीन गृहस्थांची ट्रायल चालू होती. सुरुवातीला ते चुळबुळ करत होते, नळीकडे हात नेत होते. सर शेजारच्या पलंगाकडे गेले होते. थोड्या वेळाने तिथली शिकाऊ डॉक्टर मुलगी खुशीत म्हणाली, "सर, आता एकदम शांत झालेत. छान चाललंय." सर जवळजवळ पळत आले, हात पोटावर ठेवला आणि मशीनचा जोर परत वाढवायला लावला. नंतर त्या मुलीला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त भीती वाटली.

"ते शांत नव्हते झाले. दमले होते. झगडायची ताकद संपली की माणूस असाच दिसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, वा, सगळं छान चाललंय. या धंद्यात माणसं अशीच जातात."

"मग ओळखायचं कसं सर?"

"शांत माणूस तुमच्याकडे बघतो. दमलेला बघत नाही."

त्या मुलीने हे पुढे आपल्या विद्यार्थ्यांना शिकवलं असेल. मीही नव्या मुलींना शिकवते.

आता काकूंबद्दल सांगते. काकू म्हणजे सरांची बायको. आम्हाला त्या माहीत होत्या ते सरांच्या फोनमुळे. सिस्टरच्या टेबलावरून दुपारी सर घरी फोन लावत. "जेवायला थांबू नकोस," एवढं म्हणून फोन ठेवत. उत्तर ऐकत असत की नाही, शंका आहे. कधी ट्रायल लांबलेली असे, कधी नवा पेशंट आलेला असे, कधी काहीच नसे. कँटीनमध्ये कोणी उशिरा आलं की आम्ही सरांच्या आवाजात म्हणायचो, जेवायला थांबू नकोस, आणि खिदळायचो. सण असो, रविवार असो, सर वॉर्डात. नारायण पेठेतलं त्यांचं घर हॉस्पिटलपासून चालत जाण्याच्या अंतरावर, पण ते अंतर त्यांना भल्या सकाळी एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा एवढंच जमायचं.

हॉस्पिटलच्या एका समारंभाला काकू आल्या होत्या. सुती साडी, बारीक अंबाडा. माझ्याशी वर्ध्याबद्दल आपुलकीने बोलल्या. जेवणाच्या रांगेत एका वाढप्याने त्यांच्या साडीवर आमटी सांडली, तर म्हणाल्या, "असू दे." सातारा सिस्टर म्हणाली, "सर, काकू किती शांत आहेत हो!" सर अभिमानाने म्हणाले, "आमच्या घरात आवाज नसतो."

त्यानंतर काही वर्षांनी काकूंना न्यूमोनिया झाला. बघता बघता वाढला आणि त्यांना आमच्याच आयसीयूत मशीनवर ठेवावं लागलं. घरच्या माणसावर उपचार करायचे नाहीत हा नियम सरांनी स्वतः पाळला. सगळं त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या एका डॉक्टर मॅडमकडे सोपवलं आणि स्वतः बाहेर नातेवाइकांच्या बाकावर जाऊन बसले. नाशिकहून मुलगी आली, ती त्यांच्या शेजारी. आत यायचं ते भेटीच्या वेळेतच. आम्हाला कोणालाच त्या बाकाकडे बघवेना.

काकूंची फुप्फुसं हळूहळू साफ झाली. झोपेचं औषध थांबवलं. पण ट्रायल लावली की थोड्याच वेळात श्वास उथळ व्हायचा. डोळे मिटलेले, हाकेला हूं नाही की चूं नाही. मी रोज त्यांचे हातपाय हलवायची आणि तो हात माझ्या हातात नुसता पडून राहायचा. पुन्हा ट्रायल, पुन्हा तेच. असंच चाललं असतं तर गळ्याला छेद देऊन मशीन पुढे चालू ठेवावं लागलं असतं, आणि त्या वयात एकदा तिथवर गेलेली माणसं किती परत येतात हे सरांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मॅडम मला म्हणाल्या, "तो प्रश्न विचारायला हवा. पण माझी हिंमत नाही. तुम्ही विचारता?"

मी बाहेर गेले. सर मान खाली घालून बसले होते.

"सर," मी म्हटलं, "काकूंना घरी कशाचा राग येतो?"

त्यांनी वर बघितलं. क्षणभर वाटलं, आता माझी खरडपट्टी निघते. पण ते विचार करायला लागले. खूप वेळ विचार केला. शेजारून ट्रॉली गेली, कोणाचा तरी डबा आला, तरी ते विचारच करत होते.

"तिला राग येत नाही," शेवटी म्हणाले. "स्वभावाने शांत आहे ती."

"कशाचा तरी येत असेल ना सर."

ते मुलीकडे वळले. "काय गं? आईला कशाचा राग येतो?"

मुलगी म्हणाली, "यायचा, बाबा. आधी यायचा. तुमचा फोन आला की यायचा. ताट वाढलेलं असायचं. भांडी आपटायची ती, एकटीच बडबडायची. मी शाळेत होते तेव्हा. मग हळूहळू यायचा बंद झाला."

त्या शिकाऊ मुलीला सरांनी जे सांगितलं होतं, ते मला तिथे उभ्याउभ्या आठवलं. त्यांनाही आठवलं असणारच, कारण त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि हातांकडे बघत राहिले. हजार माणसांचे श्वास या माणसाने बोटांनी ओळखले, आणि घरात रोज समोर असलेलं ते दमणं त्याला कधी दिसलं नाही. मला त्यांची दया आली, आणि खोटं कशाला बोलू, काकूंच्या बाजूने संतापही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी त्यांना ट्रायलच्या वेळी आत बोलावलं. काकूंची वेणी घातलेली, चष्मा लावलेला. सर स्टूलवर बसले. मला वाटलं, आता काहीतरी शोधून काढतील आणि चिडवतील. ते वाकले आणि म्हणाले, "अगं, मी जेवायला थांबलोय."

काही झालं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मग काकूंचे डोळे उघडले. त्यांनी सरांकडे बघितलं, अगदी सरळ बघितलं, आणि मान दुसऱ्या बाजूला फिरवली.

"सर, राग आला!" सातारा सिस्टर ओरडली.

"येऊ दे," सर म्हणाले आणि रडायला लागले. सगळ्या वॉर्डासमोर, रुमाल न काढता. त्या दिवशीची ट्रायल काकूंनी पूर्ण केली. त्यानंतर लवकरच नळी निघाली.

सरांनी हॉस्पिटल सोडलं. निरोपसमारंभ नको म्हणाले, हार घ्यायला आले नाहीत. काकूंच्या फुप्फुसांत मात्र ताकद उरली नव्हती. घरी ऑक्सिजन लागायचा, दोन खोल्या चालल्या तरी धाप लागायची. मी व्यायाम करून घ्यायला त्यांच्याकडे जायची, आणि सरांचं नवं वेड बघायची. हा माणूस दिवसभर बायकोला राग येईल असं वागत होता. ओला टॉवेल गादीवर. चहात साखरेऐवजी मीठ. भाजीला कोथिंबीर म्हणून मेथी. काकू ओरडायच्या, "अहो, डोळे आहेत की बटणं?" की सरांचा चेहरा उजळायचा. मला दारातच सांगायचे, "अहो वर्धा, आज सकाळपासून दोनदा झापलंय तिने मला. उशिरा का होईना, राग परत यायला लागलाय." पहिला नंबर आलेल्या पोरासारखे सांगायचे.

एकदा सर खाली औषधं आणायला गेले होते. त्याआधीच काकू त्यांच्यावर कशावरून तरी ओरडल्या होत्या आणि आता ऑक्सिजनची नळी नाकाशी धरून बसल्या होत्या. ओठ निळसर झाले होते. मी वैतागून म्हटलं, "काकू, रागावर ताबा ठेवा जरा. एवढा दम आहे का तुमच्याकडे?"

"राग कुठे येतोय मला?" त्या म्हणाल्या. बोलताना थांबावं लागत होतं. "कधीच संपला तो. त्यांना बरं वाटतं म्हणून ओरडते."

"पण त्या दिवशी तुम्ही मान फिरवलीत..."

"नळी रुतत होती गं ओठाला."

"मग बऱ्या कशाने झालात?"

"अँटिबायोटिकने," काकू म्हणाल्या आणि हसल्या. हसताना खोकला आला. मी पाठीवर हात ठेवला. खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "त्यांना सांगू नकोस हं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे लक्ष देऊन बघतायत. मला आधी हवं होतं ते. आता नाही दिलं तरी चाललं असतं. पण देतायत, तर नको कसं म्हणू?"

जिन्यात पावलं वाजली. काकूंनी नळी नाकापासून बाजूला केली, होता नव्हता तेवढा श्वास छातीत भरून घेतला आणि ओरडल्या, "इतका वेळ? औषधं आणायला गेला होतात की करायला?"

सर दारात उभे राहिले, पिशवी हातात तशीच, आणि माझ्याकडे बघून हसले.

काकूंना जाऊन आता बरेच दिवस झाले. मी अधूनमधून सरांकडे जाते. चहा ते स्वतः करतात, आता साखरेचा. आणि दर वेळी तेच सांगतात. "सगळं आयुष्य हातचं घालवलं मी, वर्धा. पण शेवटचे ते थोडे महिने भांडली बरं का माझ्याशी. मनापासून भांडली. तुम्ही होतात ना? तुम्ही ऐकलंय."

"हो सर," मी म्हणते. "चांगलंच झापायच्या."